जनुकीय नोंद : लाभ सर्वांचा, खर्च कोणाचा?

ऑगस्ट २०२१ मध्ये चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात मुंबई महापालिकेची जनुकक्रम तपासणारी प्रयोगशाळा सुरू झाली. तोवर करोना विषाणूचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे पाठवून निष्कर्षाची वाट पाहावी लागे. एका खेपेस ३८४ नमुने वाचणारे यंत्र लालबागपासून हाकेच्या अंतरावर आले, ही शहराला भूषणावह गोष्ट होय. परंतु वाचलेला जनुकक्रम एकाच प्रयोगशाळेत पडून राहिला, तर त्याचे मोल अल्प. इतर प्रयोगशाळांच्या नोंदींशी तो ताडून पाहता आला, तरच विषाणू कोठून आला आणि कसा बदलतो आहे, हे कळते. त्यासाठीच सामायिक संग्रह असतात.

अशा संग्रहात नुसता जनुकक्रम पाठवून भागत नाही. नमुना कोणत्या दिवशी व कोठे घेतला, रुग्णाचे वय काय, हा तपशीलही लागतो. नाव मात्र लागत नाही. गिरगावच्या नमुन्यावर परळचा शिक्का पडला किंवा तारीख चुकली, तर कोट्यवधींच्या यंत्राचे श्रम फुकट जातात. म्हणजे शास्त्राची सारी इमारत अखेर अर्ज भरणाऱ्या कारकुनाच्या दक्षतेवर उभी असते.

विलंबाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीप्रमाणे ‘डेल्टा’चे सर्वांत जुने नमुने भारतातील, ऑक्टोबर २०२० मधील आहेत. देशातील प्रयोगशाळांना जोडणारे ‘इन्साकॉग’ हे जाळे डिसेंबर २०२० च्या अखेरीस स्थापन झाले. बाधित नमुन्यांपैकी पाच टक्क्यांचा जनुकक्रम वाचण्याचे त्याचे उद्दिष्ट प्रारंभीच्या महिन्यांत दूरच राहिले. महाराष्ट्रातील नमुन्यांत दुहेरी उत्परिवर्तन आढळल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केले, तेव्हा दुसरी लाट सुरू झाली होती. वेळेवरच्या नोंदींनी लाट थांबली असती असे नव्हे. तयारीस अवधी मिळाला असता.

असे का घडते? अर्थशास्त्राच्या दृष्टीने अशी नोंद ही सार्वजनिक वस्तू होय. तिचा लाभ सर्वांना होतो, पण खर्च देणाऱ्यालाच सोसावा लागतो, कधी शिक्षाही. १८९६ च्या प्लेगात घरांच्या झडत्या आणि रुग्णालयातील सक्तीची रवानगी यांच्या धास्तीने मुंबईकरांनी रोगी लपविले. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ‘ओमिक्रॉन’ची माहिती तत्परतेने दिली आणि अनेक देशांनी तिच्याच विमानांना दारे बंद केली. त्यापूर्वी २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबविले होते. आपल्या नमुन्यांपासून बनलेली लस आपल्यालाच परवडणार नाही, ही त्या देशाची तक्रार अनाठायी नव्हती. तिच्यातूनच २०११ मध्ये नमुने देणाऱ्यास लाभाचा वाटा देणारी आंतरराष्ट्रीय चौकट आकारास आली.

‘आमची माहिती परक्यांना फुकट का द्यावी?’ हा प्रश्न म्हणूनच हेटाळण्याजोगा नाही. मात्र दडवणूक हे त्याचे उत्तर नव्हे. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी करोनाचा जनुकक्रम जगापुढे ठेवला आणि त्याच्याच आधारे दोन महिन्यांत एका लशीची मानवी चाचणी सुरू झाली. मानवी जनुकांच्या नोंदीची गोष्ट निराळी. तेथे व्यक्तीची संमती व गोपनीयता यांना अग्रक्रम हवा. विषाणूच्या नोंदीबाबत मात्र हात आखडता घेणे कोणाच्याच हिताचे नाही.

तेव्हा औदार्याच्या आवाहनांपेक्षा व्यवस्था हवी. नोंदी भरणे हे फावल्या वेळेतील काम न मानता त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद व प्रशिक्षित माणसे असावीत. नोंद पाठविण्यास मुदत असावी, प्रबंधात मूळ प्रयोगशाळेचे ऋण मान्य केले जावे, आणि औषध निघाल्यावर देणाऱ्या देशाला ते परवडेल अशा दराने मिळावे. देणाऱ्याचे नुकसान होऊ न देण्याची हमी नसेल, तर पुढच्या साथीतही नोंद उशिराच येईल.