पॅकेजचा आकडा आणि मुलाची किंमत

ऑक्टोबर महिना लागला की मोठ्या मॅनेजमेंट संस्थांच्या वसतिगृहांत मुलांची झोप उडते. जून-जुलैत वर्ग सुरू झालेले असतात. जमाखर्चाचे आणि मार्केटिंगचे पहिले धडे नुकतेच गिरवून झालेले असतात आणि तेवढ्यात उन्हाळी कामासाठी मुले निवडायला कंपन्या दारात उभ्या राहतात. चार महिन्यांत मुलगा काय शिकला हे त्यांना कळणार कसे? मग त्या पाहतात दहावीचे गुण, बारावीचे गुण, पदवी कोणत्या कॉलेजची, आधी नोकरी केली होती का आणि कोठे. एका पानाच्या बायोडाटावर मुलाखतीची यादी ठरते. ती यादी रात्री उशिरा फोनवर येते. ज्याचे नाव पाच-सहा याद्यांत येत नाही, तो मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावर बसतो. आजवर शाळेत पहिला-दुसरा आलेला असतो तो. नकार काय असतो हे त्याला माहीतच नसते.

परिचयातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा पुण्यात शिकतो. वडिलांचे सांगली जिल्ह्यात हार्डवेअरचे छोटे दुकान. राहते घर तारण ठेवून बँकेचे कर्ज काढलेले. सुट्टीत भेटला तेव्हा तो म्हणाला, "चाचा, मी तिथे चुकून पोहोचलो असं वाटतं. सगळे माझ्यापेक्षा हुशार आहेत. एक दिवस सर्वांना हे कळेल." अब्बांना त्याने यातले काही सांगितले नव्हते. घरी फोनवर फक्त "सब ठीक".

त्याला वाटले, हा रोग आपल्या एकट्याचा. तसे नाही. १९७८ मध्ये पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी यावर निबंध लिहिला होता. शिक्षणात व व्यवसायात नाव काढलेल्या अनेक स्त्रियांना आपण लायक नाही, लोकांची फसवणूक करून येथवर आलो, असे वाटत असते, हे त्यांना आढळले. पुढे पुरुषांतही तेच दिसून आले. म्हणजे "मी नालायक आहे" ही भावना नालायकीचा पुरावा नव्हे. ती कष्टाळू माणसालाच अधिक छळते. पण बावीस वर्षांच्या मुलाला हे कोण सांगणार? प्लेसमेंट समितीत असतात ती त्याच्याच वर्गातली मुले. तीही तितकीच घाबरलेली असतात.

दुसऱ्या वर्षी कायम नोकरीसाठी कंपन्या येतात. पहिल्या दिवसाला 'डे झीरो' म्हणतात. मुलांच्या बोलण्यात सरळ भाषा असते : तो डे झीरोचा, हा तिसऱ्या दिवसाचा, तो अजून राहिलेला. जणू हुशारीची प्रतवारीच! प्रत्यक्षात कोणती कंपनी कोणत्या दिवशी येणार हे कंपनी आणि संस्था यांच्या घासाघिशीवर ठरते. जास्त पगार देणारी, नावाजलेली, जास्त मुले उचलणारी कंपनी आधीची वेळ मागते आणि संस्था देते. त्या रांगेत कंपन्या उभ्या असतात, मुले नव्हे. अहमदाबादच्या आयआयएमने दिवसांची ही पद्धत बदलून एका प्रकारच्या कंपन्यांचे गट करून बोलावण्याची पद्धत आणली, ती उगीच नाही.

व्यापार करणाऱ्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव आवकेवर आणि मागणीवर ठरतो. तोच कांदा, तीच चाळ. गेल्या आठवड्यात एक भाव, या आठवड्यात दुसरा. भाव पडला म्हणून कांदा नासका आहे असे कोणी म्हणत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि २००९ मध्ये बाहेर पडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांच्या नोकऱ्यांवर गदा आली. एक वर्ष आधी त्याच वर्गखोल्यांतून गेलेल्यांची चंगळ होती. मुलांची अक्कल एका वर्षात कमी झाली होती काय? आणि हे फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून २०२२ साली बाहेर पडलेल्या नोकरी शोधणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के विद्यार्थी तीन महिन्यांनंतरही रिकामे होते. २०२४ च्या तुकडीत हेच प्रमाण २३ टक्के झाले. शिक्षक तेच, इमारत तीच, नावही तेच.

आता पॅकेजविषयी, कारण घरात सगळी उलघाल त्या एका आकड्याने होते. जाहिरातीत 'सरासरी पॅकेज' छापतात. समजा दहा मुलांपैकी नऊ जणांना ९ लाख मिळाले आणि एकाला ६० लाख. सरासरी निघते १४ लाख १० हजार. नऊजण घरी बसून विचार करतात की आपण सरासरीच्याही खाली! मधल्या मुलाचा पगार, ज्याला मध्यक म्हणतात, तो मात्र ९ लाखच आहे. शिवाय शंभरपैकी किती मुले या मोजणीत धरली, किती जणांना 'स्वतः नोकरी शोधणार' म्हणून आधीच वगळले, हेही विचारावे लागते.

पॅकेज म्हणजे पगार, हा आणखी एक गैरसमज. १४ लाखांचे उदाहरण घेऊ. त्यात अडीच लाख कामगिरीवर अवलंबून. मिळाले तर मिळाले. एक लाख रुजू होतानाचा बोनस, वर्षाच्या आत सोडले तर परत करायचा. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा त्यातच, विम्याचा हप्ता त्यातच, आणि कायम नोकराला साधारणतः पाच वर्षे टिकल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटीही त्यातच. हातात दरमहा ७०-७५ हजार आले तर पुष्कळ. २० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,४०० रुपये होतो. अभ्यासाच्या काळातले व्याज धरले तर आणखी वाढतो. मुंबईत खोलीचे भाडे वेगळे. मुलाची झोप कोठे उडते ते पालकांनी या हिशेबात पाहावे. आणि मोहल्ल्यात मात्र पुकारा होतो, "चौदा लाखांची नोकरी लागली"!

यात संस्थांचा दोष मोठा आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. अहमदाबादच्या संस्थेनेच पुढाकार घेऊन प्लेसमेंटचे अहवाल कसे लिहावेत याचे एक मानक तयार केले. त्यात निश्चित पगार वेगळा, बाकीचे वेगळे दाखवतात आणि अहवाल बाहेरच्या तपासनीसांकडून तपासून घेतात. ज्यांना हे करायचे नाही त्यांच्याकडे लपवण्यासारखे काही असावे अशी शंका घेण्यास जागा आहे. दुकानदार उधारीवर माल देताना दहा चौकशा करतो. तोच माणूस मुलाच्या वीस लाखांच्या फीपूर्वी एक रंगीत माहितीपत्रक पाहून सही करतो! तुकडीत एकूण मुले किती, नोकरी मिळालेली किती, मध्यक निश्चित पगार किती, हे तीन आकडे प्रवेशापूर्वी लेखी मागावेत. देत नसतील तर फी भरण्याची घाई करू नये.

त्या मुलाच्या वडिलांना मी हे सारे दुकानात बसून सांगितले. गिऱ्हाइकाला खिळे तोलून देता देता ते ऐकत होते. मग म्हणाले, "मी तर दर फोनवर त्याला हेच विचारतो, कंपनी आली का?" तराजू खाली ठेवून त्यांनी विचारले, "दुसरं काय विचारू?" मी म्हटले, जेवलास का, ते विचारा.