कर्ण्याचे गणित

कीर्तनाहून परतलेल्या वृद्धांची तक्रार घरोघरी ऐकू येते: आवाज पुष्कळ होता, पण शब्द कळला नाही. उपाय म्हणून आवाज आणखी चढविला जातो; मग शेजारच्या आजाऱ्यास झोप नाही आणि मागे बसलेल्यास शब्दही नाही. दोष पुष्कळदा शक्तीचा नसून कर्ण्याच्या घडणीचा असतो.

जुन्या टेलिफोनवरून सेकंदास ३०० ते ३,४०० कंपनांचेच ध्वनी जात, तरी संभाषण कळे. म्हणून वाणीपुरता कर्णा करावयाचा तर मध्यम स्वरांचा १० सेंटिमीटरचा स्पीकर पुरे.

कर्णा शक्ती निर्माण करीत नाही. स्पीकरचा पडदा जड, हवा हलकी. त्यामुळे बरीच शक्ती वाया जाते. अरुंद गळा हवेचा भार पडद्यावर घालतो आणि क्रमाने रुंदावणारी नळी ध्वनी मोकळा करते. तुतारीचे रहस्य हेच.

आता गणित. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४३ मीटर. ३०० कंपनांची लहर म्हणून १.१४ मीटर लांब. मुखाचा परीघ तेवढा, म्हणजे व्यास ३६ सेंटिमीटर ठेवावा. गळा ५ सेंटिमीटरचा. दर ६.३ सेंटिमीटरांस क्षेत्रफळ दुप्पट व्हावे. व्यास अनुक्रमे ५, ७.१, १०, १४.१, २०, २८.३ आणि शेवटी ३६. एकूण लांबी सुमारे ३६ सेंटिमीटर भरते.

हा आकार चाकावरचाच आहे. तेरसारख्या कुंभारांच्या परंपरेच्या गावी मातीचा साचा सहज घडेल. त्यावर राख भुरभुरून कागद खळीने थरावर थर चिकटवावेत. करंगळीएवढी जाडी झाली व नीट वाळली की आतील माती फोडून काढावी. स्पीकरची पाठ उघडी असल्यास कापूस भरलेल्या बंद पेटीत बसवावी. ८ ओहमच्या स्पीकरास ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर जोडला की खर्जाचा ताण टळतो.

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी पारखल्याची कथा वाचकांस ठाऊकच आहे. मडके खणखणले तर पक्के. कर्ण्याचे मात्र उलट. टिचकीसरशी तो घुमला तर स्वतःचाच सूर शब्दांत मिसळील. तसे झाल्यास बाहेरून आणखी थर द्यावेत.

अखेरची परीक्षा अशी: घरातील वडीलधाऱ्यांस तीस पावलांवर बसवावे, आणि त्यांनी न वाचलेले एखादे पान मुलाकडून वाचून घ्यावे. त्यांनी शब्द बरोबर सांगितले, तर आवाज थोडा कमी करून पुन्हा विचारावे. जेथे शब्द चुकू लागेल, त्याच्या किंचित वर थांबावे. सभेस याहून अधिक आवाजाची गरज क्वचितच असते.