कंटाळवाणी पानंही ठेवा

घरात पणजोबांची जुनी रोजनिशी सापडली की आपण तिच्यात आधी काहीतरी ‘भारी’ शोधतो. कुणी थोर माणूस भेटला होता का? बाकीच्या पानांवर काय, तर दूध किती निघालं, पाऊस किती पडला, उधारी किती. त्यांना कोण विचारतं!

अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, टेरी गावाजवळ, एव्हलिन कॅमरन ही इंग्रज बाई नवऱ्याबरोबर रँचवर राहायची. पोलोसाठी घोडे पाळून इंग्लंडला विकायचा बेत फसला. मग बाईंनी भाजी विकली, घरात पैसे घेऊन माणसं ठेवली, फोटो काढून विकले. 1893 पासून 1928 मध्ये मरेपर्यंत त्यांनी डायरी लिहिली. तिच्यात धारा काढणं, स्वयंपाक, हवापाणी, त्या दिवशी कुणाचे फोटो काढले, सगळं आहे. त्या फोटोंमागचं आयुष्य आज कळतं ते या नोंदींमुळेच.

बाईंना मूलबाळ नव्हतं. वह्या आणि काचेच्या निगेटिव्ह जॅनेट विल्यम्स या मैत्रिणीनं तळघरात सुमारे पन्नास वर्षं सांभाळल्या. रक्ताचं नातं नाही, तरी तिनं रद्दीवाल्याला बोलावलं नाही. (आपल्याकडे सख्खी नातवंडं बोलावतात.)

आपलंही उदाहरण आहे. वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत ग्वाल्हेर, झाशी फिरून आले. त्यांचं ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी 1907 साली छापलं, पण मजकुरात फेरफार करून. वैद्यांना मी नावं ठेवत नाही, काळच तसा होता. मूळ हस्तलिखित जपलं गेलं, म्हणून 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांना भटजींचा मूळ मजकूर छापता आला.

आता म्हणतात, “स्कॅन केलं ना, मग वही कशाला?” स्कॅन कराच, कोऱ्या पानांसकट. पण फोन बिघडला की फोटो गेले, वही मात्र राहते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. मोडी वाचता येत नाही म्हणून गठ्ठा टाकू नका.

खरी भीती वेगळीच असते. आजोबांचं कर्ज, भावाशी तुटलेलं बोलणं, लोकांना कळलं तर? ती पानं पाकिटात घालून बंद करा, वर लिहा की अमुक सालानंतर उघडावं. पण फाडू नका.

मंडळाच्या पुढच्या अंकासाठी निवडक पानं जरूर द्या. वही परत नेताना मात्र पानं मोजून घ्या.