शपथ द्या, पण आधी मोजा!

आष्ट्याच्या आसपासच्या वस्त्यांत व्यसनमुक्तीचं काम करताना घडलेला एक प्रसंग आजही झोप उडवतो. चाळिशीतल्या एका बांधवाने विहारात सर्वांसमोर दारू सोडण्याची शपथ घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, भिंतीवर नसलेले किडे दिसू लागले. कुणी म्हणालं नाटक करतोय, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. वेळेत दवाखान्यात नेला म्हणून वाचला. चूक त्याची नव्हती, आमची होती. त्याचं व्यसन कोणत्या पायरीवर आहे, हे आम्ही मोजलंच नव्हतं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू औषधाविना एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं.

'पिणारा तो बेवडा' हे समीकरण आपल्या वस्त्यांकडे बोट दाखवणाऱ्यांना सोयीचं आहे. आकडे वेगळं सांगतात. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू पितात. मदतीची गरज असलेले ५.२ टक्के आहेत आणि त्यातले २.७ टक्के दारूवर पूर्ण अवलंबून आहेत. म्हणजे पिणाऱ्या तिघांत साधारण एकाला मदत हवी आहे. तो एक कोण, हे शोधायचं कसं?

त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी आहे. तीन प्रश्न प्रमाणाचे, तीन अवलंबित्वाचे, चार नुकसानीचे. एकूण गुण ४०. ८ ते १५ गुणांना साधा सल्ला, १६ ते १९ ला समुपदेशन आणि पाठपुरावा, २० पासून पुढे तज्ज्ञ डॉक्टर. आमचा तो बांधव या शेवटच्या गटातला होता आणि आम्ही त्याला पहिल्या गटाचं औषध दिलं!

मात्र ही रेषा दगडावरची नाही. ती खाली आणली तर धडधाकट माणसावर शिक्का बसतो, वर नेली तर आजारी माणूस निसटतो. ही चाचणी नॉर्वे, ऑस्ट्रेलिया, केनिया, बल्गेरिया, मेक्सिको आणि अमेरिका या सहा देशांतल्या अभ्यासातून तयार झाली. त्यात भारत नव्हता. त्यामुळे प्रश्न डोळस विचारायला हवेत. 'किती घेता?' म्हटलं की आपला माणूस सांगतो, 'एकच क्वार्टर.' फॉर्मवर 'एक' लिहिलं की गुण शून्य. पण १८० मिलीच्या, ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. चाचणीचं एक माप १० ग्रॅमचं. म्हणजे ती 'एकच' खरी सहा मापं!

हे काम फक्त डॉक्टरांचं आहे, असंही नाही. गोव्यात 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत १२ ते १९ गुणांच्या पुरुषांना निवडलं आणि प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांकडून समुपदेशन करवलं. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के ८ गुणांच्या खाली आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हे आपले तरुण का करू शकत नाहीत?

काही कार्यकर्ते म्हणतील, 'पाचवं शील स्पष्ट आहे, बावीस प्रतिज्ञांतही दारूबंदी आहे. मग गुण कसले मोजता?' बांधवांनो, शील हे माझ्या आचरणाचं माप आहे, दुसऱ्याला हिणवण्याचं नाही. बाबासाहेबांचा धम्म कारण शोधून दुःख दूर करायला सांगतो. न मोजता दिलेली शपथ ही श्रद्धा झाली, उपचार नव्हे.

म्हणून प्रत्येक विहारात दहा प्रश्नांचा कागद ठेवा. उत्तरं चारचौघांत नको, एकांतात घ्या आणि गुप्त ठेवा. २० किंवा जास्त गुण आले तर आधी दवाखाना, मग शपथ. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दारू सोडवण्याच्या उपचाराची सोय मागा. ती भीक नाही, आपला हक्क आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!