‘वाढीचे दुखणे’ म्हणण्यापूर्वी

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण डॉक्टर मंडळी बहुधा यशाच्या गोष्टी लिहितो. मी आज माझ्या एका चुकीविषयी लिहिणार आहे.

काही वर्षांपूर्वी देवासकडील एका कुटुंबातील चार वर्षांच्या मुलाला माझ्याकडे आणले होते. रात्री पाय दुखतात, उचलून घ्या म्हणतो, ही तक्रार. आजी रोज तेल चोळीत होत्या. मुलगा थोडा फिकट दिसत होता. मी ‘वाढीचे दुखणे आहे, काळजी नको’ असे सांगून लोहाचे औषध लिहून दिले. आजी जाता जाता म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हा दिवसासुद्धा लंगडतो हो.” मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा पायांवर टाचणीच्या टोकाएवढे जांभळे ठिपके होते. रक्ताच्या काचपट्टीवर ल्युकेमियाच्या पेशी दिसल्या. उपचार पूर्ण होऊन मुलगा बरा झाला. त्या तीन आठवड्यांनी फरक पडला नसेलही. परंतु आजींना जे दिसले ते मला दिसले नाही, ही बोच कायम आहे.

हाडांतील मज्जेत विकृत पेशींची गर्दी झाली की निरोगी पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्याने फिकटपणा व थकवा, प्लेटलेट घटल्याने ठिपके, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, सक्षम पांढऱ्या पेशी घटल्याने न हटणारा ताप, आणि मज्जा फुगल्याने हाडे दुखतात. मानेतील गाठी, यकृत व प्लीहा वाढू शकतात. यांतील प्रत्येक लक्षण साध्या आजारातही आढळते, आणि नेमके म्हणूनच आपण फसतो. वाढीच्या दुखण्यात मूल सकाळी उठून पूर्ववत धावते. लंगडणारे, चालायला नकार देणारे मूल त्यात बसत नाही.

काही सहकारी म्हणतील, प्रत्येक तापात रक्त तपासले तर पालक घाबरतील, खर्चही वाढेल. आक्षेप रास्त आहे. प्रत्येक तापात तपासा, असे मी म्हणत नाही. मात्र दोन आठवड्यांहून अधिक ताप, किंवा फिकटपणाच्या जोडीला हाडदुखी, ठिपके वा गाठी असतील, तर संपूर्ण रक्तगणना व स्मिअर त्याच दिवशी व्हावे. केवळ यंत्राच्या आकड्यांवर विसंबू नये. पांढऱ्या पेशींची संख्या या रोगात प्राकृत वा कमीही असू शकते. काचपट्टी पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे. डेंग्यूच्या हंगामात कमी प्लेटलेटचे खापर डेंग्यूवर फोडणेही सोपे असते. आणि निदानापूर्वी स्टेरॉइड मुळीच नको. सांधेदुखी समजून दिलेल्या स्टेरॉइडने चार दिवस बरे वाटते, पण रोग झाकला जातो आणि पुढील उपचारांची दिशाही चुकू शकते.

समाजबांधवांनाही एक विनंती. निदान ऐकताच ‘कुणाला सांगू नका’ हा पहिला उद्गार निघतो. हा रोग संसर्गजन्य नाही, कुणाच्या पापाचे फळ नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिनने मुलांमधील हा रोग काही काळ मागे हटविल्याचे प्रसिद्ध केले. ते औषध तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख होते आंध्रातून अमेरिकेत गेलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. आज प्रगत देशांत मुलांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात. मात्र उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. ताप उतरला, मूल खेळू लागले की ‘आता बरा झाला’ म्हणून औषधे थांबविणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. रोग मग परततो. मुलगी असेल तर हे अधिक सहज घडते, हे सांगताना मान खाली जाते.

आपल्या मंडळाने अशा कुटुंबांना उपचारकेंद्री जाण्या-राहण्यासाठी आणि उपचार मध्येच न सोडण्यासाठी आधार द्यावा, असे मला वाटते. आणि तपासणीच्या खोलीत एखादी आजी दारातून वळून काही सांगू लागली, तर लेखणी खाली ठेवून ते ऐकावे. पुष्कळदा निदान तिथेच असते.