पत्ता कोणाच्या हाती?

छळ असह्य होऊन एखादी बाई मुलांसह घर सोडते, तेव्हा तिला डोक्यावर छप्पर हवं असतं आणि ते कुठे आहे हे मारणाऱ्याला कळू नये, ही खात्रीही. पण नव्या गावात बस्तान बसवायचं तर जागोजागी पत्ता द्यावा लागतो. मतदार यादीत नावाजवळ घर क्रमांक असतो. जुन्या शाळेत बापाने सहज चौकशी केली, तरी मुलाचा दाखला कुठल्या शाळेसाठी नेला, हे कळू शकतं. दप्तरं आता मोबाइलवर आल्याने तर शोध आणखी सोपा झाला आहे.

26 ऑक्टोबर 2006 पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात बंद दाराआड सुनावणीची सोय आहे. पीडितेने विनंती केल्यास आश्रयगृहाने तिची ओळख उघड करू नये, असं नियम सांगतात. पण आश्रयगृह सोडल्यानंतर काय? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने 1991 मध्ये अशा व्यक्तींना सरकारी कागदांसाठी पर्यायी पत्ता देण्याची योजना आणली.

सरकारी दप्तर खुलं असावं, हा आमचाही आग्रह. मात्र कारभार उघडा ठेवणं वेगळं आणि जिवाच्या भीतीने निघालेल्या बाईचं दार दाखवणं वेगळं. म्हणून या अंकात आम्ही कागदांचाच माग काढला आहे: अर्ज कोणाकडे जातो, माहिती कुठे फुटते, ती कशी रोखता येईल. वकील, शिक्षक, संरक्षण अधिकारी आणि वाचकहो, तुमचे अनुभव जरूर कळवा. फक्त कोणाचंही नावगाव लिहू नका.