विश्लेषण : कॅनडाचा ‘पीआर’ टिकतो, पण नागरिकत्व का लांबते?

कॅनडाचा पीआर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळाला. दोन वर्षे तिकडे नोकरी झाली आणि वडिलांच्या आजारपणामुळे पुण्यात परतावे लागले. ‘पाच वर्षांत दोन वर्षे राहिले की झाले’ हा हिशेब अनेकांना पाठ असतो. मात्र तो फक्त पीआर टिकवण्याचा हिशेब आहे. नागरिकत्वाचे गणित वेगळे आहे आणि तिथे एक जादा वर्ष तीन वर्षांना पडू शकते.

दोन नियम काय आहेत?

पीआर टिकवण्यासाठी पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात असावे लागते. नागरिकत्वासाठी अर्जाच्या लगेच आधीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात. दोन्हीकडे दिवस सलग असण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०१७ पूर्वी नागरिकत्वाची अट सहा वर्षांत १,४६० दिवस अशी होती.

कोणते दिवस धरले जातात?

कॅनडाचा नागरिक असलेल्या जोडीदारासोबत परदेशात राहिलेले दिवस पीआरसाठी मोजले जातात. कॅनडातील कंपनीने परदेशात पूर्णवेळ नेमणूक केली असेल, तर तेही दिवस धरतात. नागरिकत्वासाठी मात्र ही सवलत नाही. अपवाद प्रामुख्याने कॅनडाच्या सरकारी सेवेतील लोकांचा. उलट, पीआर मिळण्याआधी स्टुडंट व्हिसा किंवा वर्क परमिटवर कॅनडात काढलेला प्रत्येक दिवस नागरिकत्वासाठी अर्धा धरला जातो. त्याची कमाल मर्यादा ३६५ दिवस आहे.

एका वर्षाने काय बिघडते?

समजा, एक तरुणी १ जानेवारी २०२२ रोजी पीआर घेऊन टोरांटोत उतरली आणि २०२३ अखेरपर्यंत तिथेच राहिली. तिचे ७३० दिवस झाले. त्यानंतर ती पुण्यात आली.

ती १ जानेवारी २०२६ रोजी परतली, तर २०२२, २०२३ आणि २०२६ मिळून त्या वर्षाअखेर १,०९५ दिवस भरतात. म्हणजे २०२७ च्या सुरुवातीला अर्ज करता येईल.

ती आणखी एक वर्ष थांबून जानेवारी २०२७ मध्ये परतली, तर? पाच वर्षांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. नवा दिवस जमा होतो, तसा २०२२ मधला एक जुना दिवस बाहेर पडतो. त्यामुळे २०२७ आणि २०२८ ही दोन्ही वर्षे आकडा ७३० च्या आसपासच अडकून राहतो. अर्ज करता येईल तो थेट २०२९ च्या अखेरीस. आधीची दोन वर्षे नागरिकत्वासाठी वाया गेलेली असतात.

दिवस कमी पडले तर?

पीआर कार्डाची मुदत संपली म्हणून पीआर आपोआप जात नाही. अधिकाऱ्याने तपासणीत तसा निर्णय द्यावा लागतो. कुटुंबातील आजारपणासारखी मानवी कारणे आणि मुलांचे हित विचारात घेतले जाते, निर्णयाविरुद्ध अपीलही करता येते. पण विमानाने परतायला वैध कार्ड किंवा विशेष प्रवास कागदपत्र लागते. ते कागदपत्र मागतानाच अनेकदा दिवसांची मोजणी होते.

नागरिकत्व घ्यावेच का?

नागरिक झाल्यावर वास्तव्याच्या दिवसांची ही अट उरत नाही. कॅनडात मतदान करता येते आणि तिथला पासपोर्ट मिळतो. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्डावर भारतात येता-राहता येते. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी प्रवासाच्या तारखा लिहून दोन्ही बेरजा स्वतंत्र करा. घरी किती दिवस थांबायचे हा निर्णय तुमचाच. त्याची किंमत मात्र आधी माहीत असावी.